झपाटलेल्याची फिर्याद

श. अन्स्की यांच्या ‘डिब्बुक’ (जिवंत माणसाच्या अंगात शिरणारा मृतात्मा) या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतल्या, नाटकात लग्न लागण्याच्या घटकेला नवरी नवरदेवाला ढकलून देते आणि तिच्या तोंडून एका पुरुषाचा आवाज उमटतो. आपण आपल्याला नेमून दिलेल्या वधूकडे परत आलो आहोत आणि आता तिला सोडून जाणार नाही, असे तो आवाज सांगतो. भयकथांवर पोसलेल्या वाचकाला यापुढचा रस्ता पाठ असतो. कोणी सिद्धपुरुष येईल, मंत्र म्हटले जातील, दिवे विझतील, अंग पिळवटेल आणि अखेरीस ती परकी शक्ती किंचाळत निघून जाईल. अन्स्की यांच्या नाटकात यातले बरेचसे घडतेही, परंतु त्याच्या जोडीने तिथे असे काही घडते, ज्याची सवय भयपटांनी आपल्याला लावलेली नाही. तिथे रीतसर खटला चालतो, आणि फिर्यादी मेलेला माणूस असतो.

झपाटण्याच्या कथांविषयी मला जे म्हणायचे आहे, ते या खटल्यापासून सुरू होते. अंगात शिरलेले ते कोण, भूत की सैतान की मनाचा विकार, या प्रश्नाभोवती अशा कथांची चर्चा बहुधा फिरत राहते. मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या तोंडातून जे बोलले जाते, ते ऐकून घेण्याची जबाबदारी कोणावर आहे, असे ती कथा मानते? काही कथांत आत शिरलेला आवाज फिर्यादी असतो, काहींत तो निव्वळ खोटारडा असतो, आणि एखादी कथा यांपैकी काय निवडते यावरून ती कोणाला वाचवू पाहते आहे हे कळते.

अन्स्की (मूळ नाव श्लोयमे रापोपोर्ट, १८६३–१९२०) हे भयकथाकार नव्हते. रशियन साम्राज्यातल्या क्रांतिकारी राजकारणात त्यांची बरीच वर्षे गेली होती, आणि १९१२ ते १९१४ या काळात ते व्होलिनिया आणि पोडोलिया या, आज मुख्यतः युक्रेनमध्ये असलेल्या, प्रांतांतील ज्यू वस्त्यांमधून कथा, गाणी, चालीरीती आणि जुन्या वस्तू गोळा करत हिंडत होते. त्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत २,०८७ प्रश्न होते; माणसाच्या जन्माआधीपासून मृत्यूनंतरपर्यंतचे सारे काही त्यांत विचारलेले होते. पहिल्या महायुद्धाने ही मोहीम मोडली आणि पुढे ज्या लोकांना हे प्रश्न विचारायचे होते त्यांचे जगही मोडत गेले. नाटक त्या भटकंतीतून आले. ते रंगभूमीवर आलेले पाहणे मात्र अन्स्कींच्या नशिबी नव्हते. ८ नोव्हेंबर १९२० रोजी ते गेले, आणि शोकाचे तीस दिवस संपताना व्हिल्नाच्या नाटकमंडळीने वॉर्सामध्ये त्याचा पहिला प्रयोग केला.

कथा थोडक्यात अशी. सेंडर आणि निसेन या दोन तरुण मित्रांनी एकमेकांना वचन दिलेले असते, की आपल्या बायकांना मुलगा आणि मुलगी झाली तर त्यांचे लग्न लावायचे. निसेन लवकर मरतो, सेंडर श्रीमंत होतो आणि मुलीसाठी पैसेवाले स्थळ शोधू लागतो. निसेनचा मुलगा खोनेन हा गरीब विद्यार्थी त्याच गावात येऊन राहतो, सेंडरच्या पंगतीला जेवतो, सेंडरची मुलगी लेआ हिच्या प्रेमात पडतो आणि तिला मिळवण्यासाठी गूढविद्येच्या नको त्या वाटेला जाऊन मरतो. लग्नाच्या दिवशी लेआ आपल्या मेलेल्या आईला लग्नाचे बोलावणे करायला स्मशानात जाते. आपल्याकडे मंगलकार्याआधी नांदीश्राद्ध करून पितरांना कार्याला बोलावतात, त्यामुळे मराठी वाचकाला या प्रथेत परके काही वाटू नये. लेआ आईला बोलावते आणि जाता जाता खोनेनलाही बोलावते. भूत दार फोडून आलेले नाही, त्याला आमंत्रण होते, ही गोष्ट नाटककाराने फार शांतपणे मांडून ठेवली आहे.

मिरोपोलचे वृद्ध रेब्बे (ज्यू भक्तिपंथाचे गुरू) आझ्रिएल यांच्याकडे मुलीला नेतात. ते आज्ञा करतात, पण भूत हटत नाही. त्याच सुमारास गावच्या धर्मगुरूच्या स्वप्नात मृत निसेन तीनदा येतो आणि सेंडरला न्यायासनापुढे बोलवा अशी मागणी करतो. मग एक सेवक रेब्बेंची काठी घेऊन स्मशानात जातो आणि मृताला समन्स बजावतो; एका कोपऱ्यात पडदा लावून त्याच्यासाठी जागा केली जाते; पंच बसतात. निसेनचे म्हणणे असे की सेंडरने वचन मोडल्यामुळे आपला मुलगा गेला, आपला वंश बुडाला, आपल्यामागे प्रार्थना म्हणणारे कोणी उरले नाही. निकाल फार विलक्षण आहे. जी वस्तू अद्याप अस्तित्वातच आलेली नाही तिच्याविषयीचा करार शास्त्राने बंधनकारक ठरत नाही, म्हणून सेंडरने वचन पाळलेच पाहिजे असे न्यायालय म्हणत नाही. तरीही त्याने आपली अर्धी संपत्ती गरिबांना वाटावी आणि निसेन व त्याच्या मुलासाठी जन्मभर प्रार्थना म्हणावी, असा हुकूम होतो. कायद्याने सुटलेला माणूस देण्यातून मात्र सुटत नाही. आणि पंचांच्या लक्षात येते की निकालावर पडद्याआडून ‘आमेन’ ऐकू आलेले नाही. मृताने क्षमा केलेली नाही.

ही सगळी मांडणी आपल्याला ओळखीची का वाटते, हे दहाव्याला घाटावर गेलेल्या कोणालाही कळेल. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरातली माणसे पुढे होऊन मोठ्याने आश्वासने देऊ लागतात. धाकट्याचे शिक्षण पुरे करू, मुलीचे लग्न लावून देऊ, भावाभावांत भांडण होऊ देणार नाही. त्या क्षणी मृतात्म्यावर कोणाचा किती विश्वास आहे याला महत्त्व नसते. चार लोकांसमक्ष, मोठ्या आवाजात, एरवी कोणी न घेतलेली हमी घेतली जाते. आपल्या भुतांची नामावलीही अशीच अपुऱ्या राहिलेल्या हिशेबांची खतावणी आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेल्या मुलाचा मुंजा होऊन पिंपळावर बसतो, बाळंतपणात गेलेल्या बाईची आळवंतीण होते, सवाष्ण मेलेलीची जखीण होते, वासना किंवा धन मागे अडकलेल्याचा समंध होतो. प्रांतागणिक तपशील बदलतात, पण जवळजवळ प्रत्येक भुतामागे काहीतरी देणे शिल्लक असते. म्हणून देवऋषीचे पहिले प्रश्नही ठरलेले असतात: कोण आहेस, कुठे धरलेस, काय पाहिजे. उत्तरादाखल दहीभात, कोंबडे किंवा साडीचोळी मागितली जाते, आणि उतारा तिठ्यावर नेऊन ठेवला जातो. हा व्यवहार भाबडा असेल, पुष्कळदा तो लुबाडणुकीचाही असतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेले गृहीत तत्त्व असे आहे, की आलेल्या आवाजाचे काहीतरी मागणे आहे आणि ते विचारल्याशिवाय तो जाणार नाही.

लहानपणी नात्यातल्या एका घरी आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकायला बायका जमत. उकडीच्या मुखवट्याची देवी, ऊद, घागरीत घुमणारा फुंकरीचा आवाज, आणि रात्र चढू लागली की कोणाच्या तरी अंगात येई. त्या घरातल्या काकू वर्षभर सासऱ्यांसमोर खालच्या आवाजात ‘अहो मामंजी’ एवढेच बोलत. अष्टमीच्या रात्री त्या त्यांना एकेरीत हाक मारत, आणि ते दांडगे गृहस्थ हात जोडून ‘चुकले असेल तर पदरात घे, आई’ म्हणत. दुसऱ्या दिवशी काकूंना काही आठवत नसे, निदान त्या तसे सांगत. देवी बोलली ते मात्र घरात पाळले जाई. माहेरी जाण्याची परवानगी, माजघरातली फुटकी फरशी, धाकट्या जावेवर झालेला अन्याय, असे फार लौकिक विषय त्या रात्री निघत. मला त्या वयात भीती वाटे ती काकूंची. आज मला त्या सासऱ्यांच्या जोडलेल्या हातांचे अधिक कुतूहल वाटते, कारण सून बोलते आहे हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पद्धतशीरपणे मांडला. सोमाली स्त्रियांच्या अंगात येणाऱ्या ‘सार’ नावाच्या शक्ती नवऱ्याकडे अत्तर, नवी वस्त्रे, चांगलेचुंगले खाणे मागतात, आणि पुरुष हे सारे ढोंग आहे असे कुरकुरत का होईना, पुरवतात. उघड तक्रार करण्याचा अधिकार ज्यांना नाही, त्यांना झपाटण्यातून आडवाटेने तक्रार करता येते, असे लुईस यांचे म्हणणे होते. त्यांच्यावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यही होती. प्रत्येक वेळी अंगात येणे म्हणजे डावपेच म्हटले, की त्या बाईच्या खऱ्या अनुभवाला जागाच उरत नाही. काकूंची ती रात्र मला शंभर टक्के नाटक वाटत नाही आणि शंभर टक्के देवीही वाटत नाही. या दोन्हींच्या मधल्या जागेतच भयकथा राहते.

योगायोग असा, की त्याच १९७१ साली विल्यम पीटर ब्लॅटी यांची ‘द एक्झॉर्सिस्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि झपाटण्याच्या कथेचे व्याकरण पुढच्या पन्नास वर्षांसाठी बदलून गेले. ब्लॅटी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना, १९४९ मध्ये, मेरीलंडमधल्या एका मुलावर झालेल्या भूतबाधा-विधीची बातमी त्यांनी वाचली होती. कादंबरीत मुलाची मुलगी झाली: बारा वर्षांची रेगन, घटस्फोटित अभिनेत्रीची एकुलती एक लेक. तिच्यात शिरलेल्या शक्तीला काहीही नको आहे. तिला दहीभात नको, न्याय नको, वंश नको. ती बोलते ते सारे घाण, क्रूर आणि खोटे आहे, किंवा याहून वाईट म्हणजे, खोट्यात मिसळलेले खरे आहे. तिच्याशी संवाद करू नका, असेच वडीलधारे फादर मेरिन तरुण फादर कॅरसला बजावतात. इथे फिर्याद संपली आणि खोटारडा आला.

ही कादंबरी केवळ धक्के देणारी आहे असे मानणाऱ्यांनी ती बहुधा वाचलेली नसते. तिचा मोठा भाग तपासाचा आहे. कॅथलिक चर्चच्या १६१४ च्या विधिग्रंथात भूतबाधा-विधी करणाऱ्याला पहिलीच ताकीद अशी आहे, की कोणाला बाधा झाली आहे यावर चटकन विश्वास ठेवू नये. कॅरस हा मानसोपचारतज्ज्ञही आहे, आणि तो ही ताकीद काटेकोरपणे पाळतो. तो पवित्र जल म्हणून नळाचे पाणी शिंपडतो आणि मुलगी वेदनेने तळमळते. म्हणजे पुरावा आजाराच्या बाजूने पडतो. अनोळखी भाषा म्हणून ध्वनिमुद्रित केलेली बडबड उलट वाजवून पाहिल्यावर इंग्रजी निघते. ब्लॅटी यांनी शंकेला असे दीर्घ आणि सन्मानाने वागवले आहे, की शेवटी श्रद्धेकडे जाणारा वाचकही थकून जातो, पटून नव्हे. हे कौशल्य आहे आणि थोडी चलाखीही.

एका रात्री कॅरस मेरिनना विचारतो, की या सगळ्याचा उद्देश काय, ही मुलगीच का? मेरिन यांच्या उत्तराचा आशय असा, की लक्ष्य ती मुलगी नसून तिच्याभोवती उभे असलेले आपण आहोत. आपण पशू आहोत, ओंगळ आहोत, देवाने प्रेम करावे अशा योग्यतेचे नाही, असे आपल्याला वाटू लागावे, हा डाव आहे. कादंबरीवरून निघालेल्या १९७३ च्या चित्रपटातून जिन्यावरचा हा संवाद गाळला गेला होता आणि २००० च्या आवृत्तीत तो परत आला. मला तो कादंबरीचा कणा वाटतो, कारण तो भयकथेच्या वाचकालाच उद्देशून आहे. पलंगावर चाललेला तो किळसवाणा देखावा पाहणारे आपणही त्या खोलीत उभे असतो. आणि कॅरसच्या बाबतीत डाव अचूक लागतो: न्यूयॉर्कमध्ये एकाकी मेलेल्या आपल्या आईला आपण टाकले, ही त्याची सल आहे, आणि मुलीच्या तोंडून तीच त्याला ऐकवली जाते. बोलणारा खोटारडा आहे असे मानले तरी ऐकणाऱ्याचे दुखणे खरे असते.

ब्लॅटी यांच्याविषयी आदर बाळगूनही माझी तक्रार मात्र इथेच सुरू होते. चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. रेगनचा वाढदिवस आहे, बाप रोममध्ये आहे आणि त्याने फोन केलेला नाही. आई ऑपरेटरवर ओरडते, आणि मुलगी दुसऱ्या खोलीत बसून ते ऐकते. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या मुलीच्या तोंडून मोठ्या माणसांना ऐकवू नये ते ऐकवले जाते. आझ्रिएल रेब्बे जॉर्जटाउनला, रेगनच्या घरी, असते, तर त्यांनी पहिले समन्स रोमला धाडले असते. ‘एक्झॉर्सिस्ट’मध्ये त्या बापाला कोणी विचारत नाही. मुलीचा सगळा संताप उत्तर इराकमधल्या एका प्राचीन मूर्तीच्या नावे लिहिला जातो, दोन पुरोहित त्यासाठी प्राण देतात, मुलगी बरी होते आणि तिला काहीही आठवत नाही. घराला काही बदलावे लागत नाही. नवी पिढी हाताबाहेर चालल्याची धास्ती त्या काळच्या अमेरिकेत होती आणि हा चित्रपट त्या धास्तीचे रूपक आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे. ते अर्धे बरोबर आहे. धास्ती आहे ती पालकांची, आणि कथा त्यांना आश्वासन देते की हे बोलणारी तुमची मुलगी नव्हतीच.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. चित्रपटात त्या मुलीच्या तोंडून येणारा राक्षसी आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या ज्येष्ठ अभिनेत्रीचा होता. सुरुवातीला श्रेयनामावलीत तिचे नाव नव्हते, आणि त्यावरून तिने जाहीर वाद घालून ते मिळवले. फिर्याद शेवटी कुठून तरी बाहेर आलीच.

याचा अर्थ ऐकून घेणारी कथा नेहमी न्यायाची असते, असा कोणी घेऊ नये. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये लूदाँ या गावी झपाटलेल्यांचे ऐकले गेले, आणि एका माणसाला जिवंत जाळले गेले. १६३२ मध्ये तिथल्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणींना बाधा झाली. मठाध्यक्षा जान दे-झांज हिने गावातला देखणा धर्मोपदेशक उर्बँ ग्रांदिए याला मठाचा मार्गदर्शक होण्याविषयी विचारले होते आणि त्याने नकार दिला होता. आता तिच्या तोंडून सैतान त्याचेच नाव घेऊ लागले. ग्रांदिएचे गावात शत्रू होते, आणि राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू याच्या सत्तेला गावची तटबंदी पाडायची होती, तिला त्याचा विरोध होता. चर्चमध्ये गर्दीसमोर विधी होत, लांबून लोक तमाशा पाहायला येत. रीतसर विधीने बांधलेला सैतान खरेच बोलतो, असा सोयीचा सिद्धान्त काढून त्याची साक्ष ग्राह्य धरली गेली. १८ ऑगस्ट १६३४ रोजी ग्रांदिएला जाळले. भगताने नाव घेतले म्हणून एखाद्या विधवेला डाकीण ठरवून गावाबाहेर काढण्याचे, मारण्याचे प्रकार सातपुड्याच्या पट्ट्यात घडत आले आहेत. त्यांची जात लूदाँचीच आहे. आवाज ऐकला जातो, पण कोणासाठी ऐकला जातो हे आधीच ठरलेले असते.

लूदाँमध्ये आणखी एक माणूस होता. जेझुइट पंथाचा धर्मगुरू झां-जोझेफ स्यूरँ १६३४ च्या अखेरीस तिथे आला आणि मठाध्यक्षा जान हिच्यावर गर्जना करण्याऐवजी तिच्याशी बोलत बसला. त्याने देवाकडे मागितले, की हिची बाधा मला होऊ दे. पुढे त्याचे मन असे कोसळले की जवळजवळ वीस वर्षे त्याला लिहिणे-चालणेही नीट जमेना. कॅरस अखेरीस सैतानाला ‘माझ्यात ये’ म्हणतो तेव्हा ती केवळ ब्लॅटी यांची कल्पना राहत नाही; इतिहासात हे एकाने करून पाहिले होते, आणि त्याला कॅरससारखा खिडकीतून उडी मारून सुटका करून घेणारा शेवट लगेच मिळाला नव्हता.

खऱ्या शरीरावर या कथांची किंमत काय पडते हे विसरून केवळ अर्थाच्या गप्पा मारणे मला शोभणारे वाटत नाही. १९७६ मध्ये बव्हेरियात तेवीस वर्षांची एक विद्यार्थिनी दहा महिन्यांत झालेल्या ६७ विधींनंतर उपासमारीने मेली. तिला अपस्मार असल्याचे निदान आधीच झालेले होते. १९७८ मध्ये तिचे आईवडील आणि दोन धर्मगुरू यांना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत पहिलेच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे अशा कृत्यांचे आहे. ही यादी वाचताना लक्षात येते की मार भुताला नसतो. बोललेल्या तोंडाला असतो. कथेत ज्याला आपण पवित्र झुंज म्हणतो, तिचे घरातले रूप पुष्कळदा असे दिसते, आणि सैतान खोटारडा आहे हे एकदा ठरले की त्याच्या किंकाळ्याही खोट्या ठरवायला वेळ लागत नाही.

आता अन्स्की यांच्यावरही एक आक्षेप नोंदवणे भाग आहे, कारण त्यांच्या न्यायालयाचे मी इतके कौतुक केले. तिथे फिर्यादी निसेन होता, आरोपी सेंडर होता. दोन बापांच्या वचनाचा निवाडा दोन घराण्यांमध्ये झाला. लेआला काय हवे आहे असे त्या पंचांपैकी एकानेही विचारले नाही. झपाटलेल्या बाईच्या तोंडून सगळे जग बोलले, फक्त तिची साक्ष नोंदवली गेली नाही. झपाटण्याच्या कथांचे हे जुने दुखणे आहे. भुताला नाव असते, मागणे असते, इतिहास असतो. झाडाला मात्र काही विचारायचे नसते. आपल्याकडे अंगात येणाऱ्या माणसाला ‘झाड’च म्हणतात.

मराठी भयकथेने या बाबतीत फारसे वेगळे काही केलेले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथांवर माझ्यासारख्या अनेकांचे वाचन पोसले गेले, आणि अंधाऱ्या जिन्यावर थांबवून ठेवण्याची त्यांची ताकद मी आजही मानतो. परंतु त्यांच्या ‘समर्थ’ या नायकाकडे वळलेली कथा सहसा रक्षणाची असते: वाईट शक्ती ओळखायची, तिची ताकद अजमावायची, तिला परतवून लावायचे. वाचून उशीखाली पुस्तक सारले की झोप लागत असे, कारण समर्थ होते. ज्या बाईला किंवा मुलाला बाधा झाली होती, तिचे किंवा त्याचे पुढे काय झाले, याची मला त्या वयात चौकशी करावीशी वाटली नाही. आज फोनवर ऐकायला मिळणाऱ्या भयकथांत तर मांत्रिक एका तासात मोकळा होतो.

म्हणूनच मला जान दे-झांज हिचे आत्मकथन महत्त्वाचे वाटते. १६४४ मध्ये तिने ते लिहिले. ती भरवशाची साक्षीदार मुळीच नव्हे. बाधा उतरल्यावर हातावर उमटलेली पवित्र नावे दाखवत ती फ्रान्सभर फिरली होती, राजाराणी आणि रिशल्यूसुद्धा तिला भेटले होते, आणि कौतुकाची चटक तिला लागलेली होती. तरीही त्या मजकुरात ती एक गोष्ट सांगते, जी कोणत्याही पुरोहिताच्या अहवालात येणे शक्य नव्हते: सैतान माझ्या विकारांचाच आधार घेत असे, त्याला मी पुष्कळदा आतून संमती देत असे, आणि त्या संमतीत मला सुख होते. ग्रांदिए जाळला गेल्यानंतर दहा वर्षांनी हे लिहिले गेले, त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. पण बाधा झालेल्या माणसाने प्रथमपुरुषी लिहिले की देव की सैतान की आजार हा तिढा कसा दुय्यम होऊन जातो, हे त्या पानांवर दिसते. तिथे बोलणारी कधी आरोपी असते, कधी फिर्यादी, कधी साक्षीदार, आणि एकाच परिच्छेदात ती तिन्ही होते. मराठीत अशी कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. घागरी फुंकून झाल्यावर, देवी गेल्यावर, माजघरात पाणी प्यायला बसलेल्या बाईने ती सांगायला हवी, आणि तिला त्यातले सगळे आठवत असायला हवे.